आठ ट्रॅकची जुनी टेप संगणकावर घेताना

प्रश्न थोडक्यात असा: अर्धा इंची टेपवर आठ ट्रॅकमध्ये केलेली काही रिळं आणि चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर भरलेल्या काही कॅसेटी आहेत. दोन्ही मशिनं चालतात. संगणकाला दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (बाहेरचा आवाज संगणकात घेणारा डबा) जोडलेला आहे. पुढे नव्याने मिक्स करता यावं म्हणून प्रत्येक ट्रॅक सुटा हवा आहे. दोन-दोन ट्रॅक करून चार फेऱ्यांत घेतले तर चालतील का, आणि सॉफ्टवेअर कोणतं वापरावं?

सॉफ्टवेअर हा यातला सर्वांत किरकोळ भाग. एकाच वेळी अनेक इनपुट वेगवेगळ्या ट्रॅकवर घेऊ शकणारं काहीही चालतं. रीपर, आर्डर, जे हाताला सवयीचं असेल ते. चार फेऱ्यांचं उत्तर मात्र स्पष्ट नकार आहे. टेप मशीनची मोटर संगणकाच्या घड्याळाला बांधलेली नसते. तीच टेप त्याच मशीनवर पुन्हा वाजवली की वेग किंचित बदलतो. मशीन किती तापलं आहे, रिळावर टेप किती उरली आहे, ताण किती आहे, या सगळ्याचा तो परिणाम. दोन फेऱ्यांत ०.१ टक्का फरक पडला तर चार मिनिटांच्या गाण्याच्या शेवटाला ट्रॅक एकमेकांपासून २४० मिलिसेकंद सरकलेले असतात. हा फरक सरळ रेषेत वाढत गेला असता तर एका हिशेबात दुरुस्त झाला असता. पण टेपचा वेग सतत बारीक डुलत असतो आणि प्रत्येक फेरीत वेगळा डुलतो. दोन माइकांनी मिळून टिपलेले ड्रम किंवा स्टिरिओ पियानो दोन फेऱ्यांत विभागला गेला, तर मिलिसेकंदाच्या आतल्या फरकानेही आवाज पोकळ होतो आणि तो पोकळपणा गाणंभर फिरत राहतो.

म्हणून आठ ट्रॅकना आठ लाइन इनपुट. खरेदी करायचीच असेल तर पैसा इथे घाला, महागड्या प्लगइनांत नको. सध्याच्या इंटरफेसला अॅडॅट ऑप्टिकल इनपुट असेल तर आठ चॅनेलचा कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे बनवणारं यंत्र) त्याला जोडता येतो. त्या एका ऑप्टिकल तारेतून ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेल येतात, ९६ ला मात्र चारच. सॅम्पल मोजणारं घड्याळ एकच ठेवा: कन्व्हर्टर स्वतःच्या घड्याळावर आणि इंटरफेस अॅडॅटमागे. दोन्ही आपापल्या घड्याळावर सोडले की अधूनमधून टिक्-टिक् येत राहते आणि दोष टेपचा समजला जातो. काही दिवसांसाठी आठ इनपुटचा इंटरफेस उसना किंवा भाड्याने मिळाला तरी काम होऊन जातं.

अगदीच इलाज नसेल तर एक सामाईक ट्रॅक प्रत्येक फेरीत घ्यायचा. चार इनपुट असतील तर पहिल्या फेरीत १-२-३-४, दुसरीत १-५-६-७, तिसरीत १-८. सामाईक ट्रॅक असा निवडा ज्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत टोकदार ठोके आहेत. स्नेअर किंवा क्लिक उत्तम. संगणकावर सामाईक ट्रॅकचा पहिला ठोका जुळवा, शेवटचा ठोका किती सरकला ते मोजा आणि त्या प्रमाणात संपूर्ण फेरी रिसॅम्पल करा. टाइम-स्ट्रेच, म्हणजे स्वर तसाच ठेवून फक्त लांबी बदलणं, वापरू नका. टेपचा वेग बदलला की लांबी आणि स्वर दोन्ही बदलतात, त्यामुळे दुरुस्तीही दोन्हींची एकत्र व्हायला हवी. मधला डुलणारा फरक उरला तर दर काही मापांनंतर शांत जागी कापून जुळवावं लागतं. दोनच इनपुटवर हाच प्रकार केला तर आठ ट्रॅकना सात फेऱ्या होतात. जुन्या टेपला सात वेळा हेडवरून ओढणं मला पटत नाही.

आता टेपकडे. मशीनला लावण्याआधी रीळ हातात घेऊन पाहा. साधारण १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या, पाठीला काळा निस्तेज लेप असलेल्या टेपांमध्ये चिकटण्याचा रोग सर्रास आढळतो. अँपेक्सच्या ४०६, ४५६ आणि स्कॉचच्या २२६, २५० या टेपा त्यासाठी कुप्रसिद्ध आहेत. चुंबकीय पूड धरून ठेवणारा बाइंडर हवेतली ओल शोषून मऊ पडतो. हाताने दोन-चार वेढे उलगडताना टेप खालच्या थराला चिकटून सुटल्यासारखी वाटली तर तिथेच थांबा. मशीनवर अशी टेप चिरकते, वेग मंदावतो आणि हेडवर, गाइडवर तपकिरी चिखल साचतो. तो चिखल म्हणजे तुमचं रेकॉर्डिंगच असतं. ‘एकदा पुढे-मागे गुंडाळून मोकळी करू’ हा विचार इथे घातक आहे, कारण वेगाने गुंडाळताना थर एकमेकांचा लेप ओढून नेतात.

यावरचा इलाज म्हणजे टेप मंद उष्णतेत सुकवणं. तापमान सुमारे ५४ अंश सेल्सिअस, पाव इंची टेपला साधारण आठ तास, अर्धा इंचीला त्याहून थोडे जास्त. मध्ये एकदा रीळ उलटं करायचं. झाल्यावर उष्णता बंद करून आपोआप निवू द्यायचं आणि पूर्ण थंड होईपर्यंत वाजवायचं नाही. घरातला स्वयंपाकाचा ओव्हन वापरू नका. त्याचा थर्मोस्टॅट इतक्या खालच्या तापमानाला कितीतरी अंशांनी वर-खाली होतो. मायक्रोवेव्हचं तर नावच नको. फळं-भाज्या सुकवण्याचं पंख्याचं यंत्र आणि आत स्वतंत्र थर्मामीटर, ही जोडी बरी. गुण काही आठवडे टिकतो, तेवढ्यात सगळं उतरवून घ्या. टेप अॅसिटेटची असेल तर मात्र हे अजिबात करायचं नाही. रीळ उजेडासमोर धरल्यावर बाजूने प्रकाश आरपार दिसला तर ती अॅसिटेट, काळोखा दिसला तर पॉलिएस्टर. आठ ट्रॅकच्या काळात अॅसिटेट टेप सापडणं कठीण, पण बघायला क्षणही लागत नाही. पाठीला लेप नसलेली टेप चिरकत असेल तर तिचं दुखणं बहुधा वेगळं असतं आणि सुकवल्याने ते जात नाही.

कॅसेटींना सुकवण्याची वेळ क्वचितच येते. तिथे तुटतं ते दुसरंच: टेप हेडवर दाबून धरणारी छोटी फेल्टची गादी गोंद वाळून गळून पडते. मग आवाज दबका आणि येत-जात राहणारा होतो. स्क्रूने उघडणाऱ्या चांगल्या रिकाम्या कॅसेटीत आतली टेप हलवली की प्रश्न मिटतो. रिळांमध्ये हीच गत जोडांची. जुनी जोडपट्टी वाळून सुटते किंवा तिचा गोंद शेजारच्या थरांवर पाझरतो. सुटलेला प्रत्येक जोड नव्या स्प्लायसिंग टेपने करा. घरातली चिकटपट्टी कधीच नाही.

मशीनच्या बाबतीत पहिली खात्री ट्रॅकच्या मांडणीची. अर्धा इंची टेपवर चार, आठ किंवा सोळा ट्रॅक असू शकतात. रुंदी तीच म्हणून टेप बसते, पण सोळा ट्रॅकच्या हेडवर आठ ट्रॅकची टेप धड वाजत नाही. दुसरी खात्री वेगाची, १५ इंच की ७.५ इंच प्रति सेकंद. तिसरी इक्वलायझेशनची, म्हणजे रेकॉर्ड करताना स्वरांना दिलेली चढ-उतार वाजवताना उलटवण्याची. त्याची एनएबी आणि आयईसी अशी दोन मानकं आहेत. १५ इंचाला एनएबीचा टाइम कॉन्स्टंट ५० मायक्रोसेकंद, आयईसीचा ३५. चुकीच्या मशीनवर वाजवलं की वरच्या पट्टीत सुमारे ३ डेसिबलचा फरक पडतो आणि खालच्या टोकालाही फरक जाणवतो. एरवी हा फरक संगणकात भरून काढता येतो, पण टेपवर नॉइज रिडक्शन (टेपची हिस, म्हणजे सततचा सळसळाट, दाबण्यासाठी आवाज बदलून भरण्याची पद्धत) असेल तर नाही. तिथे तो बदल उलटवणाऱ्या डीकोडरच्या आधीच सगळं बरोबर असावं लागतं.

नॉइज रिडक्शनवर थोडं थांबतो, कारण सर्वांत जास्त ट्रान्सफर इथेच बिघडतात. टॅस्कॅमच्या मल्टिट्रॅक मशिनींत सहसा डीबीएक्स भेटतं, फॉस्टेक्सच्या मशिनींत सहसा डॉल्बी बी किंवा सी. डीबीएक्स रेकॉर्ड करताना आवाजाचा पल्ला निम्मा दाबतं आणि वाजवताना दुप्पट फुलवतं. त्याला पातळी नेमकी जुळण्याची गरज नसते, पण मशीनचा प्रत्येक दोषही ते दुप्पट करतं: टेपवरचा २ डेसिबलचा खड्डा बाहेर येईपर्यंत ४ होतो. म्हणून घाणेरड्या हेडवर डीबीएक्सची टेप भयानक वाजते आणि लोक डीबीएक्सला नावं ठेवतात. टाइप १ आणि टाइप २ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. रिळांच्या मशिनींना बहुधा टाइप १, कॅसेटींना टाइप २. डॉल्बीचं गणित उलटं आहे. ते ठरावीक पातळीच्या खालीच काम करतं, त्यामुळे डीकोडरला टेपची पातळी २-३ डेसिबल कमी मिळाली की वरचे स्वर बुजतात. टेपच्या सुरुवातीला पातळी जुळवण्यासाठी भरलेला टोन असेल तर त्यावर मशीनची पातळी लावून घ्या.

डब्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर नॉइज रिडक्शन बंद करून ऐका. हळू-मोठे सगळे आवाज एकाच उंचीवर, तीक्ष्ण, आणि स्वर विरला की हिस उसळून वर येते असं असेल तर डीबीएक्स. आवाजाची चढ-उतार जागेवर आहे पण हळू भागांत वरचा आवाज कर्कश आहे, तर बहुतेक डॉल्बी. डीकोडिंग शक्यतो मूळ जातीच्या हार्डवेअरवरच करा. टेपची अवस्था चांगली असेल तर नॉइज रिडक्शन बंद ठेवून आणखी एक फेरी घ्यायला हरकत नाही, ती राखीव. शेवटच्या ट्रॅकवर संगीताऐवजी कर्कश किर्र आवाज असेल तर तो सिंक ट्रॅक आहे, म्हणजे इतर यंत्रं टेपच्या तालात चालवण्याचा संकेत. तो खराब समजून सोडू नका. नॉइज रिडक्शन बंद ठेवून तोही घ्या, जुने मिडी सिक्वेन्स (सिंथेसायझरला वाजवायच्या सूचनांच्या फाइली) कधी जोडायचे झाले तर तोच दुवा.

सफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या, हेड आणि धातूच्या गाइडसाठी. पिंच रोलरचं, म्हणजे टेप दाबून ओढणाऱ्या चाकाचं, रबर मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून कोरडं करा, कारण काही रबरं अल्कोहोलने कडक होऊन तडकतात. डीमॅग्नेटायझर वापरत असाल तर मशीन बंद, टेपा दुसऱ्या खोलीत. हातभर लांब असतानाच चालू करा, हळू जवळ न्या, हळू मागे आणा आणि लांब गेल्यावरच बंद करा. हेडजवळ बंद केलात तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकीय होऊन बसतं. पट्टे जुने असतील तर आधी बदला. नंतर एखादी बिनकामाची टेप पूर्ण वाजवून आणि गुंडाळून पाहा. खरी टेप लावण्यापूर्वी सगळ्या ट्रॅकची रेकॉर्ड बटणं बंद आहेत ना ते तपासा, कॅसेटीच्या मागच्या कडेच्या, मोडल्यावर रेकॉर्डिंग रोखणाऱ्या पट्ट्या मोडा. मशीन चालू केल्यावरच टेप ओवा आणि बंद करण्यापूर्वी काढा, म्हणजे विजेच्या धक्क्याने टेपवर टक् उमटण्याचा धोका राहत नाही. तीन हेडच्या मशीनवर आउटपुट ‘रेप्रो’वर, म्हणजे वाजवण्याच्या हेडवर, ठेवा. ‘सिंक’वर राहिलं तर रेकॉर्ड हेडमधून वाजतं आणि बऱ्याच मशिनींत वरचे स्वर कमी येतात.

अॅझिमथ, म्हणजे हेडची फट टेपच्या धावेला काटकोनात असणं. त्याच मशीनवर रेकॉर्ड झालेल्या टेपा असतील आणि हेडला कुणी हात लावलेला नसेल, तर स्क्रूला स्पर्शही करू नका. मशीन दुसरं असेल तर स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारी पेनने खूण करा, म्हणजे परतीची वाट राहते. टेपवर टोन असतील तर कडेचे दोन ट्रॅक, १ आणि ८, एकत्र पाहा. आधी १ किलोहर्ट्झवर दोन्ही लहरी एकमेकींवर बसवा, मगच १० किलोहर्ट्झवर बारीक करा. थेट १० वर गेलात तर एक पूर्ण लहर चुकूनही सगळं जुळलेलं दिसतं. टोन नसतील तर झांजेसारखा झगझगीत आवाज ज्या ट्रॅकवर आहे तो एकटा ऐका आणि सर्वांत उजळ वाजेल तिथे थांबा. स्क्रू पाव फेऱ्याच्याही आत फिरवायचा असतो. कॅसेटींना ही काळजी जास्त, कारण १० किलोहर्ट्झची लहर १५ इंचाला टेपवर ३८ मायक्रोमीटर लांब असते, तर दुप्पट वेगाच्या कॅसेटीवर जेमतेम साडेनऊ.

कॅसेटींचा आणखी एक गुंता. १९७९ च्या टॅस्कॅम पोर्टास्टुडिओ १४४ पासून अनेक चार ट्रॅकचे रेकॉर्डर ३.७५ इंच प्रति सेकंद, म्हणजे साध्या डेकच्या दुप्पट वेगाने चालतात. ६० मिनिटांची कॅसेट त्यांवर १५ मिनिटांत संपते. काही मात्र साध्या वेगाचे आहेत, फॉस्टेक्स एक्स-१५ त्यांतलाच. सर्व मॉडेलना प्रत्येक ट्रॅकचं वेगळं आउटपुट नसतं. नसेल तर पॅनची खुंटी वापरा: ट्रॅक १ पूर्ण डावीकडे, २ पूर्ण उजवीकडे, बाकी बंद, मग ३ आणि ४ तसेच. इथे दोन फेऱ्या होतात, वर सांगितलेली जुळवाजुळव करावी लागते. मूळ रेकॉर्डर बंद पडला असेल तर साध्या स्टिरिओ डेकवर ट्रॅक १-२ एका बाजूला आणि ४-३ दुसऱ्या बाजूला उलटे वाजतात, ते संगणकात सुलटे करायचे. वेग निम्मा असल्याने ४८ किलोहर्ट्झला घेऊन फाइल ९६ ची आहे असं सॉफ्टवेअरला सांगायचं. पण इक्वलायझेशन चुकतं आणि डीबीएक्स उलगडत नाही, त्यामुळे हा शेवटचा पर्याय. पाव इंची रिळांवर चार ट्रॅकची मांडणी वेगळी असते: साधा स्टिरिओ डेक एका बाजूला १ आणि ३ वाजवतो, दुसऱ्या बाजूला ४ आणि २ उलटे.

जोडणी सोपी आहे. मशीनची आरसीए आउटपुट बहुधा -१० डेसिबल-व्होल्टची, इंटरफेसचे लाइन इनपुट +४ डेसिबल-यू साठीचे, दोन्हींत ११.८ डेसिबलचं अंतर. इंटरफेसला -१० चा पर्याय असेल तर तो निवडा, नाहीतर इनपुट गेन वाढवा. आरसीएकडून ६.३५ मिलिमीटरच्या मोनो पिनेकडे जाणाऱ्या आठ तारा पुरतात. माइक इनपुटात घालू नका. सगळ्या ट्रॅकना एकच गेन ठेवा, टेपमधला सर्वांत मोठा भाग -१२ ते -६ डेसिबलपर्यंत जाईल असा, आणि मध्येच हलवू नका. २४ बिटमध्ये वर भरपूर जागा सोडून काही बिघडत नाही. टेपची हिस कन्व्हर्टरच्या हिसच्या कितीतरी वर असते. ४८ की ९६, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जागा असेल तर ९६ घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका ट्रॅकचं मिनिट ८.६४ मेगाबाइट, आठ ट्रॅकचं सुमारे ६९. ९६ ला त्याच्या दुप्पट.

टेप थांबलेली असताना मीटर पाहा. सगळ्या चॅनेलांवर सारखी घरघर असेल तर ती अर्थिंगच्या फेऱ्याची आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, सगळी उपकरणं एकाच विजेच्या पट्टीवर आणा, तरी राहिली तर लाइन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा ‘उपाय’ जिवावर बेतू शकतो.

वेग बरोबर आहे का, हे टेपमध्येच लिहिलेलं असतं. गिटारच्या अँप्लिफायरमुळे मूळ रेकॉर्डिंगमध्ये विजेची घरघर हमखास उतरलेली असते, ५० हर्ट्झ, काही देशांत ६०. शांत जागेचा स्पेक्ट्रम पाहा. घरघर ५१.२ वर दिसली तर टेप २.४ टक्के जास्त वेगाने धावते आहे, म्हणजे जवळपास ४१ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर) वर. आजच्या तारांतून येणारी घरघर नेमकी ५० वर असते, ती वेगळी ओळखा. मशीनवर पिच कंट्रोल असेल तर तिथे दुरुस्त करा. नसेल तर संगणकात सर्व ट्रॅक एकत्र रिसॅम्पल करा.

प्रत्यक्ष रेकॉर्डिंगला बफर १०२४ सॅम्पल किंवा त्याहून मोठा ठेवा. इथे लेटन्सीचं, म्हणजे आवाज उशिरा ऐकू येण्याचं, काही महत्त्व नाही, मध्येच आवाज गळायला नको. संगणकाची झोप, वाय-फाय आणि सूचनांचे आवाज बंद. टोनच्याही आधीपासून सुरू करून अख्खं रीळ एकाच टेकमध्ये घ्या, गाणी नंतर कापा. चालू असताना एकेक ट्रॅक सोलो करून ऐका. वरचे स्वर हळूहळू मंदावत गेले तर हेड घाण झालं आहे. टेप थांबवा, पुसा आणि त्या भागाच्या थोडं आधीपासून पुन्हा घ्या. प्रत्येक ट्रॅकची स्वतंत्र मोनो वेव्ह फाइल, नावात रिळाचा क्रमांक, ट्रॅक, वाद्य, वेग आणि नॉइज रिडक्शन. डब्यातल्या ट्रॅक-शीटचा फोटो त्याच फोल्डरमध्ये. मूळ फाइलींवर नॉर्मलाइज नाही, हिस काढणं नाही. दोन वेगळ्या ड्राइव्हवर आणि एक घराबाहेर प्रत ठेवून मगच नकलेवर काम सुरू करा.

रीळ वाजवून झालं की परत गुंडाळू नका. वाजवण्याच्या वेगाने गुंडाळलेली टेप सपाट, सारख्या ताणाने बसते, आणि एका थराचा आवाज दुसऱ्यावर उमटलाच तर तो मूळ आवाजाच्या नंतर येऊन त्यात झाकला जातो. डब्यावर ‘शेवट बाहेर’ असं लिहून रीळ उभं ठेवा.